बहारीनमधले पांढरे चेहरे

प्रिय केदार आणि ईशा,

गेल्या आठवड्यात तुमच्या आईचा फोन आला. जुलैमध्ये तुमची आतेबहीण जुई तुमच्याकडे टोरोंटोला राहायला येते आहे, हे तिने सांगितलं आणि जरा थांबून विचारलं, "आई, मुलांना तिच्या चेहऱ्याबद्दल आधी काय सांगून ठेवू?" परदेशच्या फोनवर अशा प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. मी म्हटलं, "तू काहीच सांगू नकोस. मी लिहिते."

तुम्ही मराठी सावकाश वाचता, तर हे सावकाशच वाचा. अडलं तर बाबांना विचारा. मी बहारीनहून परत आले तेव्हापासून तुम्ही दोघं विचारता आहात, आजी, तिथे काय पाहिलंस? आणि मी दर वेळी "समुद्र, वाळू आणि खूप मोटारी" एवढंच सांगत आले. ते खोटं नव्हतं, पण त्यात काही नव्हतंही. जुई तुमच्या दारात उभी राहण्याआधी तुम्हाला सगळं ठाऊक असलेलं बरं, म्हणून आता क्रमाने सांगते.

नोव्हेंबरात मी सांगलीहून निघाले. बॅगेत तुमच्या आत्याच्या आवडीचं भडंग होतं, मेतकूट होतं आणि मिरजेच्या एका वैद्यांनी दिलेलं बावचीचं तेल होतं. तेल जुईसाठी. तिला कोड फुटलं होतं. कोड म्हणजे कातडीचा रंग जागोजागी जाऊन पांढरे डाग पडणं. ते दुखत नाही आणि एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. पण आपल्याकडे घरात कुणाला कोड असलं की लोक आवाज खाली करून बोलतात, आणि लग्न जुळवताना मावश्या-चुलत्यांपर्यंत चौकशी करतात. मी जन्मभर शाळेत मुलींना जीवशास्त्र शिकवलं. कोडाचा धडा मी किती वर्गांना समजावून दिला असेल! तरी तेलाची बाटली कपड्यांच्या घडीत लपवून ठेवताना माझा हात चोरासारखाच चालला होता.

विमानात माझ्या शेजारी अकोल्याचे एक तंत्रज्ञ होते, सुट्टी संपवून कामावर निघालेले.

"मावशी, पहिल्यांदाच का?" त्यांनी विचारलं.

"हो. उतरल्यावर काय करायचं असतं?"

"काही नाही. घाई करू नका. तिथं कुणालाच घाई नसते. फक्त गाडी चालवताना असते."

खाली पाहिलं तर समुद्र. आपल्या कोकणातला नव्हे. उथळ, फिकट हिरवा, मध्येच दुधाळ, आणि त्यात वाळूचे लांबट पट्टे, जमीन कुठे संपली आणि पाणी कुठे लागलं ते कळू न देणारे. मला नकाशावर स्वच्छ किनारा लागतो. इथे तो नव्हताच. मी उगाचच पट्टा सोडला, पुन्हा लावला, पुन्हा सोडला.

विमानतळावर जकात अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली आणि नेमकी तीच बाटली वर काढून हुंगली. त्याचं नाक आक्रसलं.

"औषध आहे. कातडीचं," मी इंग्रजीत सांगितलं.

"मफी मुश्किल, मदर," तो म्हणाला. मफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही. बाटली हातभर लांब धरून त्याने परत दिली. "यल्ला, यल्ला!" (चला, चला!)

बाहेर तुमची मेधाआत्या आणि श्रीकांतकाका उभे होते. जुई नव्हती.

"झोपलीय," मेधा म्हणाली. भर दुपारी तीन वाजता.

विमानतळ मुहर्रक नावाच्या बेटावर आहे. तिथून समुद्रावरच्या लांब रस्त्याने मनामात, म्हणजे राजधानीत, यायचं. यांचं घर गुदैबिया भागात, सहा मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. खाली इराणी माणसाची भट्टी आहे. तिथे तंदुराच्या भिंतीला थापून खुबूस (तिथली मोठी पातळ रोटी) भाजतात, आणि तो गरम वास जिन्याने थेट वरपर्यंत येतो. श्रीकांतराव सित्राच्या तेल कारखान्यात कामाला. पहाटे कंपनीची बस येते आणि त्यांना घेऊन जाते. मेधा एका ऑफिसात हिशेब बघते. म्हणजे दिवसभर घरात जुई आणि मी.

जुई तेव्हा दहावीत होती. पंधरा वर्षांची, उंच, तुमच्या बाबांसारखी लांब बोटांची. डाग तिच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना होते, हनुवटीवर होता आणि डाव्या डोळ्याभोवती चष्म्याच्या अर्ध्या काचेएवढा. मेधाने तिला एक तपकिरी मलम आणून दिलं होतं. ते लावलं की डाग जाई, पण त्या जागी चिखल वाळल्यासारखा दुसराच डाग दिसे. सप्टेंबरात शाळेच्या बसमध्ये तिच्याशेजारी बसणाऱ्या रियाच्या आईने चिठ्ठी पाठवून मुलीची जागा बदलून घेतली. त्यानंतर जुई शाळेत गेलीच नव्हती. पोटात दुखतं, डोकं दुखतं, असं करत दिवाळी गेली. आता नाताळची सुट्टी संपून जानेवारीत शाळा उघडेल तेव्हाही हजर झाली नाही, तर तिला दहावीच्या परीक्षेला बसू देणार नव्हते. मेधाला झोप लागत नव्हती. जुईला परीक्षेचं विचारलं की ती खांदे उडवी.

मी तेल काढलं.

"आजी, इट स्टिंक्स," जुई म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. पुढे तिचं बोलणं मी बहुतेक मराठीतच लिहिते.

"औषधाला वास असतोच."

"मग तू लाव."

दार बंद झालं.

मला नुसतं बसवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी मेधाच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावल्या. मग उंचीच्या क्रमाने लावल्या. पडदे धुतले. जिना चढून गच्चीवर जायची, खाली यायची, भट्टीपर्यंत जायची, परत यायची. आत जुई खोलीत येरझारा घालायची, बाहेर मी. श्रीकांतराव कामावरून आले की घरभर नजर टाकून म्हणत, "आई, आता फक्त समुद्र आवरायचा राहिलाय. शुक्रवारी नेतो तुम्हाला."

एके दिवशी मी भाजी घेऊन आले. हात जड होते म्हणून लिफ्टने निघाले. आत एक मुलगी उभी होती. पायघोळ काळा झगा, तिथे असतो तसा. पण चेहरा पांढराफटक. गाल, कपाळ, ओठ, कान, मान, सगळं चुन्यासारखं. भुवया दिसत नव्हत्या. पापण्यांचे केससुद्धा पांढरे. डोळ्यांवरून ती चिनी किंवा जपानी असावी असं वाटलं.

मिरजेला मी असा माणूस पाहिला होता, कोड अंगभर पसरून पूर्ण पांढरा झालेला. माझ्या डोक्यात तेव्हा कोडाशिवाय दुसरं काही नव्हतंच. मला भडभडून आलं. कुणाची तरी पोर, परक्या देशात.

"कधीपासून आहे गं हे?" मी इंग्रजीत विचारलं.

ती दचकली, मग कमरेत वाकून नमस्कार केला. "एक वर्ष. आधी फक्त रविवारी. आता रोज."

फक्त रविवारी? मला वाटलं, हिचं इंग्रजी कच्चं आहे.

"त्रास होतो?"

"उन्हात होतो. घाम आला की खाज."

"आईवडिलांना वाईट वाटत असेल."

"फार." तिने मान खाली घातली. "असं असलं की वडील माझ्याबरोबर जेवत नाहीत."

मी पिशव्या खाली ठेवल्या. "रडू नकोस. माझ्या नातीलाही आहे. तिसऱ्या मजल्यावर."

त्या पांढऱ्या चेहऱ्यावर एवढा आनंद पसरला की मी चकितच झाले. "इथे? या इमारतीत? मला वाटायचं या देशात मी एकटीच! मी भेटू तिला?"

"चल," मी म्हटलं. "माझ्याकडे तेलही आहे."

"तेल छान. पुसायला तेलच लागतं," ती म्हणाली.

आता हे वाचून तुम्ही हसत असाल. हसा. पण आपल्या घरात ज्याने झोप उडवलेली असते, तेच माणसाला समोरच्याच्या तोंडावर दिसतं. मी तिला घरात आणलं, जुईचं दार ढकललं आणि म्हणाले, "जुई, बघ. हिलाही तेच आहे."

जुई पलंगावर उठून बसली. मलम लावलेलं नव्हतं. ती त्या मुलीकडे बघत राहिली आणि ती मुलगी जुईकडे. मग त्या मुलीने तोंडावर हात ठेवला. तिला माझ्याआधी कळलं. तिने बोट ओलं करून स्वतःच्या गालावर ओढलं. पांढऱ्यातून गव्हाळ कातडीची एक रेघ उघडी पडली.

"हा रंग आहे," ती हळूच म्हणाली. "मी लावते. सॉरी."

जुई हसली. त्या घरात मी पहिल्यांदा तिचं हसू ऐकलं. पोट धरून, उशीत तोंड खुपसून हसली. "आजी! तुला वाटलं हिला... ओ माय गॉड, आजी!" आणि हसता हसता एकदम थांबली. "तू लिफ्टमध्ये कुणालाही सांगतेस? माझं? अनोळखी माणसाला?"

"अगं, मला वाटलं—"

"बाहेर जा. दोघी."

मेधा ऑफिसातून आली तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात एक जपानी मुलगी खोबरेल तेलाने चेहरा पुसत बसली होती. अर्धा झाला होता. उरलेल्या अर्ध्या पांढऱ्या तोंडाने ती भडंग खात होती आणि तिखटाने तिचे डोळे वाहत होते.

"आई, हे काय?" मेधा म्हणाली.

"पाहुणी आहे," मी म्हटलं. "पाणी दे तिला आधी."

तिचं नाव नोझोमी. वय एकोणीस. वडील सित्राला एका कामावर इंजिनियर म्हणून आलेले, घर पाचव्या मजल्यावर. टोकियोत ती मावशीकडे राहायची. तिचा हा थाट बघून वडिलांनी तिला हिवाळ्यासाठी इकडे बोलावून घेतलं होतं, सवय सुटावी म्हणून.

चार-पाच दिवसांनी जुईने जेवताना, भाताकडे बघत विचारलं, "ती कुठल्या मजल्यावर राहते?"

मेधाने एकटीला पाठवायला नकार दिला, म्हणून सोबत मी गेले. नोझोमीच्या आईने आम्हाला भाजलेल्या जवाचा गार चहा दिला आणि मला बाजूला घेतलं. "मॅडम, तुम्ही शिक्षिका होतात ना? हिला सांगा, हे सोड म्हणून. तिचे वडील ऑफिसात मान वर करत नाहीत."

मी म्हणाले, "तुमच्या मुलीला मी काय सांगणार? माझी नात अडीच महिन्यांत घराबाहेर पडली नव्हती. आज दोन मजले चढून आलीय."

तिने पेला पुन्हा भरला.

नोझोमी आरशासमोर मांडी घालून बसली होती. मी शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींना सफेदा फासून रंगवलेलं होतं, त्यामुळे मला वाटलं, यात काय पाहायचंय! पण हे काम निराळं होतं. आधी केस पट्टीने मागे. मग भुवयांवर साबण घासून त्या सपाट करायच्या. मग मेणाचा गोळा तळहातांत मऊ करून चेहऱ्याला चोळायचा, म्हणजे रंग धरतो. मग वाटीत ओशिरोई (पांढरा रंग) पाण्यात कालवून चपट्या रुंद ब्रशने, घराची भिंत रंगवावी तसे सरळ पट्टे. ओलं असतानाच स्पंजने टिपायचं, नाहीतर भेगा पडतात. ती बोलत नव्हती. श्वाससुद्धा सावकाश घेत होती. शेवटी आरशात एक कोरा चेहरा उरला. मग बारीक ब्रशने तिने डाव्या कानाजवळून एक निळी फांदी काढायला घेतली.

"याला शिरोनुरी म्हणतात (पांढरं लिंपणं)," ती म्हणाली. "जुनं आहे. नाटकात होतं. माझ्या आजीच्या लग्नात होतं. आम्ही ते रस्त्यावर आणलं. टोकियोत हाराजुकू म्हणून भाग आहे. रविवारी तिथला रस्ता मोटारींना बंद. मग सगळे नटून येतात. कुणी बाहुली, कुणी भूत. आम्ही थोड्याच पांढऱ्या."

"पण पांढरंच का?" जुईने विचारलं.

नोझोमीने ब्रश पाण्यात बुडवला. "गुलाबी लावलं की लोक बघतात, ही सुंदर आहे की नाही. पांढरं लावलं की तो प्रश्न संपतो. मग ते चित्र बघतात."

जुई आरशाजवळ सरकली. "मला लावलंस तर माझं दिसणार नाही?"

"डाग झाकले जातील. बाकीचंही झाकलं जाईल. चालेल?"

"चालेल," जुई म्हणाली. मराठीत. नोझोमीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

त्या दुपारी माझी नात पांढरी झाली. मधला काळ मी खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होते. पूर्ण झाल्यावर जुई हलेचना. तिने उजवा गाल पुढे केला, मग डावा. हनुवटी वर केली. आरशात डाग शोधत होती. सापडत नव्हता. नोझोमीने तिच्या डाव्या डोळ्याखाली, नेमक्या त्या जागेवर, लहानशी होडी काढली होती.

"मला असं बाहेर जायचंय," जुई म्हणाली.

घरी यावरून रणकंदन झालं.

"लोक काय म्हणतील?" मेधा म्हणाली.

"मॉम, लोक ऑलरेडी म्हणतायत."

"अगं, ही काय जत्रा आहे? आपण दुसऱ्याच्या देशात राहतो. व्हिसावर राहतो! आई, तू तरी सांग."

मेधा बोलत होती आणि तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता, लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी हलायचा तसा. मला वाईट वाटलं. पण मी म्हटलं, "मी जाते बरोबर. अंगभर कपडे घालतील. तोंडाला रंग लावणं काही गुन्हा नाही."

श्रीकांतरावांनी किल्ली उचलली. "खलास! ठरलं. शुक्रवारी सर्कस घेऊन निघू."

शुक्रवार तिथे सुट्टीचा. आम्ही अरादला गेलो. तिथे समुद्राच्या कडेला एक जुना किल्ला आहे, बुटका, चौकोनी, मातकट पांढरा. तो समुद्रातल्या प्रवाळी दगडांनी बांधलाय. आपले किल्ले डोंगरावर चढून बसतात, हा ओहोटीच्या चिखलात पाय सोडून बसलेला. डोक्यावरून विमानं उतरत होती आणि वारा एवढा सुटला होता की मला पदर हातात धरूनच चालावं लागलं. भिंतीच्या आडोशाला सतरंज्या टाकून कुटुंबं जेवत होती. रंगवलेल्या दोघी, जुई आणि नोझोमी, गाडीतून उतरल्या आणि सगळे घास हवेत थांबले.

पोरं मागे लागली. एकाने बोट लावून पाहायचा प्रयत्न केला. जुईने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. तेवढ्यात एका सतरंजीवरून हाक आली. एक म्हातारी बाई बसली होती. तिच्या चेहऱ्यावर बतूला होता, म्हणजे नाक आणि भुवया झाकणारा ताठ काळपट मुखवटा, सोन्यासारखा चमकणारा. तिकडच्या जुन्या बायका अजून घालतात. तिने दोघींना समोर बसवलं, निरखून पाहिलं आणि विचारलं, "लेश?" म्हणजे का?

श्रीकांतरावांनी आपल्या मोडक्या अरबीत काहीतरी सांगितलं. म्हातारी खदखदून हसली. तिची मुलगी आम्हाला इंग्रजीत म्हणाली, "आई म्हणते, लग्नापासून हा बतूला घालतेय. याचा काळा रंग गालाला लागतो आणि रात्री धुवावा लागतो. तुम्ही पांढरा धुता. म्हणते, साबण सारखाच लागत असेल."

आम्हाला केशराचा चहा मिळाला, आणि बोटाला चिकटणारा, डिंकासारखा लवचिक हलवा. जुईने ओठ न हलवता खायचा प्रयत्न केला. ते काही जमत नाही.

आम्ही किल्ल्याच्या दरवाज्याशी आलो तेव्हा एक मुलगी धावत आली. मागून तिची आई, गळ्यात कॅमेरा. "एक्सक्यूज मी, एक फोटो?" जुईचा हात पुन्हा आवळला गेला. ही रिया होती, हे मला नंतर कळलं. ती जुईच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. आईनेच उभं केलं. "और पास, बेटा, और पास!" वाऱ्याने रियाचे केस जुईच्या पांढऱ्या गालावर चिकटले. फोटो निघाला.

"तूसुद्धा जपानची?" रियाने विचारलं.

जुईला नुसतं "हो" म्हणून पुढे जाता आलं असतं. मी तेच म्हणायला निघाले होते, खोटं का होईना. पण ती म्हणाली, "नो. टेन-बी. तुझ्याच बसमधली."

रियाला कळेना. जुईने नोझोमीच्या पिशवीतली तेलाची बाटली काढली, रुमालावर ओतली आणि हनुवटी पुसायला लागली. जोरात. रंग निघाला, गव्हाळ वर्ण दिसू लागला आणि त्याच्या मधोमध पांढरा ठिपका तसाच राहिला. तिने पुन्हा पुसलं.

"हे निघत नाही," ती रियाच्या आईला म्हणाली. "आणि लागतही नाही. आजीला विचारा. ती बायॉलॉजी शिकवायची."

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्गात उभी राहायचे तशी उभी राहिले. वाक्य फार साधं होतं, किती वर्षं फळ्यावर लिहिलेलं, पण त्या दिवशी माझा आवाज कापला. "नाही लागत," मी म्हणाले. "मी तिचा हात धरून चालतेय."

"नहीं नहीं आंटीजी, हमने तो बस ऐसे ही..." त्या म्हणाल्या आणि रियाला ओढत गाडीकडे गेल्या. रिया मागे वळून बघत होती. "डोळ्याखालची होडी कुणी काढली?" तिने लांबून ओरडून विचारलं.

"ही!" जुईने नोझोमीकडे बोट दाखवलं.

गाडीत जुई एक मिनिट स्वस्थ बसली नाही. काच खाली, काच वर. "डॅड, पुन्हा त्या समुद्रावरच्या रस्त्याने." श्रीकांतरावांनी वळून गाडी पुन्हा नेली. "डॅड, अजून एकदा." ती रडत होती की हसत होती ते अर्ध्या रंगात कळत नव्हतं.

डिसेंबर संपता संपता नोझोमी टोकियोला परत गेली. विमानतळावर पासपोर्टच्या फोटोशी चेहरा जुळावा लागतो, म्हणून त्या दिवशी ती रंगाशिवाय खाली आली. गोल चेहऱ्याची, नाकावर वांग असलेली साधी मुलगी. मला ओळखायला एक क्षण लागला. तिची पेटी वडील उचलत होते. न बोलता, पण ब्रशांची डबी त्यांनीच हातातल्या पिशवीत वेगळी ठेवली. जुईला तिने चपटा ब्रश आणि उरलेला पांढरा रंग दिला. नोझोमीची सवय काही सुटली नव्हती.

शाळा उघडली त्या सकाळी मेधाने तपकिरी मलम टेबलावर ठेवलं. जुईने ते पाहिलं, पाणी प्यायली आणि धुतलेल्या चेहऱ्याने खाली गेली. मी तिच्या मागोमाग भट्टीपर्यंत आले. बस आली, ती चढली, खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी. बस वळेपर्यंत रिकामीच होती. दुपारी तिने दप्तर भिरकावलं. "हॉरिबल," म्हणाली आणि दार लावून घेतलं. मेधाने माझ्याकडे पाहिलं. मी बरण्या लावायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. त्याही दिवशी हॉरिबलच होतं. तिसऱ्या दिवशी तिने फक्त काय जेवायला आहे ते विचारलं.

जानेवारीच्या शेवटी मी निघाले. परतीच्या विमानात खिडकीतून पुन्हा तोच किनारा दिसला, पाणी आणि वाळू एकमेकांत मिसळलेली. या खेपेला मला त्याचा राग आला नाही. मी तिथे एक मुलगी बरी करायला गेले होते आणि तिला बरं करायचं काही नव्हतंच. आमची भीती मात्र होती, माझी आणि मेधाची, आणि भीतीवर औषध कुठलाच वैद्य देत नाही. सांगलीला पोचल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "नात बरी आहे ना?" मी म्हणाले, "बरी आहे. तिला कोड आहे." काकूंनी आवाज खाली केला. मी केला नाही. घरात येऊन बराच वेळ मी खोल्यांतून फिरत होते, पण तेवढं बोलून झालं होतं.

मार्चमध्ये जुईने परीक्षा दिली. आता अकरावीचे वर्ग सुरू झालेत आणि ती बसने जाते. रिया तिच्याशी बोलते, पण शेजारी बसत नाही. ओठांजवळचे डाग होते तेवढेच आहेत. डोळ्याजवळचा थोडा वाढलाय. शुक्रवारी ती अजून चेहरा पांढरा करते आणि त्यावर काहीतरी काढते. शनिवारी तो धुऊन शाळेत जाते.

तुमची,
आजी